एकास सत्त्याऐंशी

मुंबईच्या लोकलने तीस-पस्तीस वर्षं प्रवास केलेली माणसं निवृत्तीनंतर दोन प्रकारची होतात. पहिल्या प्रकाराला इंडिकेटर लांबून दिसला तरी पोटात गोळा येतो. ही माणसं रिक्षाने काशिमीऱ्याच्या नाक्यावर जातील, मिळेल ती बस धरतील, हायवेवर दोन तास धूर खातील, पण स्टेशनचा जिना चढणार नाहीत. दुसऱ्या प्रकारातली माणसं घरात रेल्वे बांधायला घेतात. हा प्रकार संख्येने कमी, पण जागा जास्त खातो.

असा एक नमुना आमच्या इमारतीत, भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या अंगाला, पाचव्या मजल्यावर राहतो. सोसायटीत त्यांना सगळे डीआरएम म्हणतात. खरे डिव्हिजनल रेल्वे मॅनेजर मुंबई सेंट्रलला बसतात आणि त्यांच्या हाताखाली अख्खी लाइन असते. आमच्या डीआरएमच्या हाताखाली वनबीएचकेचा हॉल आहे, तोही घरात कुणी टीव्ही लावला नसेल तेवढा वेळ. रेल्वेत त्यांनी एक दिवसही नोकरी केलेली नाही. चर्चगेटजवळच्या एका कचेरीत दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. तिथली एक सवय मात्र अंगात मुरली: आकडा दिसला की त्याला कशाने तरी भागायचं. हल्ली ते सगळं सत्त्याऐंशीने भागतात.

हे सत्त्याऐंशी कुठून आले ते सांगायला हवं. खेळातल्या गाड्या जगात आधीपासून होत्याच, पण १८९१ मध्ये जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले आणि ‘आणखी एकच तुकडा जोडू’ हा रोग सुरू झाला. पुढे मापं लहान होत गेली. आज जगात सर्वांत जास्त चालणारं माप एचओ: खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची गाडी, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर. त्याहून लहान एन, एकास एकशे साठ. त्याहून लहान झेड, एकास दोनशे वीस. त्याचं इंजिन मुठीत मावतं आणि केराच्या सुपलीतही सहज जातं.

डीआरएमच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते. एक चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर. दोन्ही हातांची बोटं फेविक्विकने इतकी गुळगुळीत झाली आहेत, की आधारच्या मशीनवर ठसा उठत नाही. रेशनवाला त्यांना बघितलं की आधीच मान हलवतो. जिन्यात कुणी नवीन भेटलं की आपादमस्तक न्याहाळून म्हणतात, “तुम्ही साडेएकोणीस.” मिलिमीटर. मला पहिल्यांदा वाटलं, गुण देतायत.

या भागाकारातून त्यांची तीन दुःखं निघाली आहेत आणि तिन्ही ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात.

पहिलं गेजचं. साडेसोळा मिलिमीटर हे युरोप-अमेरिकेतल्या रुळांचं माप. तिकडचं गेज १,४३५ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज १,६७६. त्याला सत्त्याऐंशीने भागलं की सव्वाएकोणीस येतात. म्हणजे बाजारात मिळणारे रूळ आपल्या गाडीला पावणेतीन मिलिमीटरने अरुंद. तुम्ही-आम्ही म्हणू, असू दे. डीआरएम म्हणत नाहीत. “पावणेतीन गुणिले सत्त्याऐंशी करा. चोवीस सेंटिमीटर! साडेनऊ इंच! आपल्याकडे चौथी सीट एवढ्यातच बसते.” ज्याने कधी चौथी सीट बसून दहिसर ते दादर काढलं आहे, त्याला यावर वाद घालता येत नाही.

दुसरं लांबीचं. बारा डब्यांच्या लोकलला २७० मीटरचा प्लॅटफॉर्म लागतो. भागा: तीन मीटर दहा सेंटिमीटर, दहा फुटांच्या वर. हॉलची लांबकी भिंत चौदा फूट. उरलेल्या चार फुटांत गाडीने वेग घ्यायचा, खाडी ओलांडायची, वेग कमी करायचा आणि नायगावला थांबायचं. २००९ मध्ये पश्चिम रेल्वेने पंधरा डब्यांची लोकल सुरू केली तेव्हा सगळा भाईंदर खूश झाला, डीआरएमना मात्र दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. अंतरांचा तर विचारच नको. भाईंदर ते मीरा रोड जेमतेम सव्वातीन किलोमीटर, म्हणजे सदतीस मीटर. चर्चगेट-विरार साठ किलोमीटर, म्हणजे सातशे मीटरला थोडी कमी. “आपल्या फाटकापासून निघालं तर स्टेशनपर्यंत अख्खी वेस्टर्न लाइन बसते,” ते हळहळून सांगतात. मध्ये एक भाजीबाजार, तीन मेडिकल आणि एक कायमचं खोदकाम आडवं येतं एवढंच.

तिसरं दुःख वळणाचं, आणि ते सर्वांत खोल. आपल्या ब्रॉडगेजला १७५ मीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण चालत नाही. भागल्यावर दोन मीटर. म्हणजे गाडी उलट फिरवायला चार मीटर रुंदी हवी, आणि हॉल तीन मीटर. बाजारातले तयार वळणाचे रूळ अठरा इंच त्रिज्येचे असतात. खऱ्यात ते चाळीस मीटर होतात. “चाळीस मीटरवर राजधानी वळवा,” डीआरएम म्हणतात, “आणि मग बघायला या.”

अडचणी एवढ्या असल्यामुळे त्यांना काम भरपूर आहे. ते प्लॅन काढतात. जुन्या कचेरीतले लेजरचे कोरे कागद, टोकदार शिसपेन्सिल, खोडरबर आणि एक कंपास. पलंगाखालून सरकत बाहेर येणारी रेल्वे. भिंतीच्या कडेकडेने फळीवरून फिरणारी. छताला कप्पीने टांगलेली, रात्री जेवणं उरकली की खाली येणारी, हिचा प्लॅन वहिनींनी पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “दोर कोण बांधणार?” उत्तर ऐकून त्यांनी प्लॅन नामंजूर केला. शहराच्या विकास आराखड्यात आणि डीआरएमच्या आराखड्यात एक साम्य आहे: दोन्हींत सगळं भरपूर रुंद असतं. फरक असा की डीआरएमना आपला आराखडा पुरा व्हायला नको असतो. पुरा झाला की रूळ टाकावे लागतात, आणि रूळ टाकले की गाडी घसरते. कागदावरच्या गाडीला ना उशीर, ना सिग्नल फेल, ना कुणी रुळावर आलेलं.

तरीही एके वर्षी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, त्यांनी प्लायवूड आणलं. आठ बाय चार, एकोणीस एमएम, शीट एक. जगात कित्येक घरगुती रेल्वेंचा पाया याच मापाचा असतो, आणि इमारतींच्या लिफ्ट मात्र हे माप डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या नसतात. हमालांनी ते जिन्याने चढवायला घेतलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते अडकलं. ना वर, ना खाली. ऑफिसातून येणारी माणसं खालून वाकून जात होती आणि डीआरएम भिंतीला पट्टी लावून शांतपणे सांगत होते, “त्रिज्या कमी पडली.” शेवटी सुताराला बोलावून पायरीवरच शीटचे दोन तुकडे केले. घरात ते पुन्हा जोडले, पण सांधा राहिला तो राहिलाच. त्यावरून गाडी गेली की अजूनही थडथड होते. त्या जागेचं रेल्वेच्या नकाशावर अधिकृत नाव ‘तिसरा मजला’ आहे.

वहिनींबद्दल इथे सांगायला हवं, कारण या रेल्वेवर प्रवाशांच्या बाजूने बोलणाऱ्या त्या एकट्याच. स्वतः नोकरीची सगळी वर्षं लेडीज डब्यात भाजी निवडत, क्वचित दुसऱ्याचीही निवडत गेल्या. डीआरएमनी मोठ्या अभिमानाने हाताने लिहिलेलं वेळापत्रक दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “अहो, तुमची गाडी भाईंदरला वीस सेकंद थांबते. लेडीजमधून उतरायला जागा कोण करून देणार, तुम्ही?” त्या दिवसापासून थांबा तीस सेकंदांचा आहे.

भांडण एकदाच झालं, पुलावरून. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये वसईची खाडी, खाडीत पाणजू बेट, आणि लाइन या बेटावरून पुढे जाते. अलीकडे पूल, पलीकडे पूल. हे दृश्य हवंच, असा डीआरएमचा हट्ट. जागा एकच होती: स्वयंपाकघराच्या दारात आडवा, उचलता पूल. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात, तिथून पत्र्याच्या कातरलेल्या पट्ट्या आणून त्यांनी गर्डर केला. तो एवढा चकाकला, की कामवाल्या बाईंनी दोनदा घासून ठेवला. पूल झाला, पण आता स्वयंपाकघरातून हॉलमध्ये पोळी न्यायची तर आधी सिग्नल मागायचा. वहिनी हातात वाढप घेऊन दारात उभ्या, आतून आवाज, “थांब, मालगाडी आहे.” कढी निवायची. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “दिव्याचं फाटक बरं.” मध्य रेल्वेच्या प्रवाशांनी त्या फाटकापायी काय काय सोसलं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला कळेल की हा घटस्फोटाच्या अलीकडचा शब्द आहे.

पुलावरची आणखी एक गोष्ट डीआरएमना करायची होती. खाडी आली की लोकलच्या दारातून निर्माल्याच्या पिशव्या सुटतात, आणि पाणजूची माणसं डोकी सांभाळतात. ती पडती पिशवी हवेत कशी दाखवायची यावर त्यांनी पंधरा दिवस विचार केला. वहिनींनी पूजा आटोपून पुलाखाली सरळ एक खरा झेंडू ठेवला. डीआरएमनी मोजला, गुणला आणि सव्वाचार मीटर व्यासाचा झेंडू नौकानयनास धोकादायक म्हणून हटवला.

पण या सगळ्या रेल्वेत सर्वांत अवघड प्रकरण आहे माणसांचं. एचओ मापाची रंगवलेली माणसं जर्मनीत बनतात. प्रायझर ही त्यातली नावाजलेली कंपनी. माणसं सुरेख असतात, शर्टाचं बटणसुद्धा दिसतं, आणि किंमत ऐकल्यावर एकेका माणसाबद्दल मनात आदर उत्पन्न होतो. डीआरएमनी एक पाकीट मागवलं. त्यात सहा जण निघाले: दोघांच्या अंगात ओव्हरकोट, एकाच्या खांद्यावर बर्फावर घसरायच्या लाकडी पट्ट्या, एक बाई कुत्रा घेऊन, एक पाद्री, एक शिट्टी वाजवणारा. हे सहा जण भाईंदरच्या तीन नंबर प्लॅटफॉर्मवर, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून, सकाळच्या चर्चगेट फास्टची वाट बघत उभे आहेत. एवढं अंतर ठेवून भाईंदरला उभा राहिलेला माणूस मी अजून प्रत्यक्षात पाहिलेला नाही.

डीआरएमना हे खुपत होतं. नऊ डब्यांच्या गाडीची क्षमता सतराशेच्या आसपास आणि गर्दीच्या वेळी आत साडेचार हजारांहून जास्त, हा हिशेब रेल्वेवाले स्वतःच सांगत आले आहेत. एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं. हॅम्बुर्गमध्ये ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली एका जुन्या गोदामात उघडलेली मिनिएचर वंडरलँड ही जगातली सर्वांत मोठी छोटी रेल्वे. तिथे शहरं, डोंगर, विमानतळ आणि दोन लाखांवर चिमुकली माणसं आहेत. डीआरएमनी भागाकार केला. “पन्नासेक लोकल भरतील. पुढे?” दोन लाख माणसांचं त्यांना काहीच वाटेना. त्यांना पाहिजे होती एकच ट्रेन, आठ-दहाची, भरलेली. आणि तेवढी माणसं विकत घ्यायची तर भाईंदरचा फ्लॅट विकावा लागला असता. मुंबईच्या रेल्वेत जी एक गोष्ट फुकट आणि मुबलक आहे, तीच परवडत नव्हती.

मग प्रयोग झाले. काडेपेटीच्या काड्या तोडून पाहिल्या. सगळे प्रवासी एकाच पक्षाचे कार्यकर्ते वाटायला लागले. मोहरीच्या दाण्यांची डोकी करून पाहिली, मुंग्यांनी ती रात्रीतून उतरवून नेली. शेवटी झेड मापावर जायचंही मनात आलं, कारण हिशेब विलक्षण जुळत होता: एकास दोनशे वीसमध्ये उभा माणूस पावणेआठ मिलिमीटर, म्हणजे बासमतीचा लांब दाणा. डीआरएम स्वयंपाकघरात डबा शोधायला लागले. वहिनी कुकर लावत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, “बासमती नको. इंद्रायणी घ्या. चिकट असतो, दारात लोंबकळायला बरा.”

मला वाटतं, या माणसाचं मर्म इथे आहे. लोकांना वाटतं, आयुष्यभर चेंगरून निघालेला माणूस म्हातारपणी निवांत, रिकामी रेल्वे बांधतो. तसं नाही. त्यांना रिकामी रेल्वे बघवत नाही. विरार गाडीत भाईंदरवाल्याने चढू नये, चढलाच तर त्याने आतल्यांच्या सोयीने उतरावं, हा नियम ज्याने रोज मोडला आणि रोज त्याबद्दल ऐकून घेतलं, त्या माणसाला गर्दी शत्रूसारखी वाटत नाही. भजनाचे टाळ, तीन पत्ती, ‘आगे चलो’चा ठेका, खिडकीसाठी आधी उलटं विरारला जाणारे, हे सगळं घरी आणायचं राहिलं म्हणून ते तळमळतात. नुसती गाडी काय, कुणीही आणील.

गाडी आणणंही सोपं नाही म्हणा. घरात येऊन कुणी “काय मस्त खेळणं आहे” असं म्हणालं की डीआरएम चहाचा कप परत घेतात. खेळणं नव्हे, मॉडेल. परंतु भारत सरकारचं मत वेगळं आहे. कस्टम्सच्या दरपत्रकात खेळणी आणि स्केल मॉडेलं एकाच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये, मांडीला मांडी लावून बसतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. भाच्याने परदेशातून पाठवलेल्या एका इंजिनासाठी डीआरएमनी ते भरलं. पैशांचं त्यांना फार वाटलं नाही. पावतीवर ‘टॉय’ लिहिलं होतं, ते लागलं. पावती त्यांनी फाइलला लावली नाही.

म्हणून बाकी सगळं ते इथेच मिळवतात, आणि त्यात त्यांचा हात धरणारा नाही. वायरी लोहार चाळीतून, ट्रान्सफॉर्मर आणि चिमुकले एलईडी लॅमिंग्टन रोडवरून. रुळांखालची खडी म्हणजे चाळणीने तीनदा चाळलेली बांधकामाची वाळू, राखाडी रांगोळीत घोळलेली. दिवाळीनंतर रांगोळीवाले उरलेल्या मालाचा भाव उतरवतात तेव्हा हे किलोने घेतात. चहाचा चोथा उन्हात वाळवला की माती. वाळक्या घोसाळ्याची जाळी हिरवी रंगवली की झुडूप. इमारतीत कुणाकडे पाहुणे जास्त आले तर डीआरएम दुसऱ्या दिवशी चोथा मागायला जातात.

हे शिक्षण मूळचं किल्ल्याचं. दिवाळीत पोत्यावर माती लिंपून, अळीव पेरून, बुरुजावर मावळे मांडणारी जी मुलं होती, त्यातली बहुतेक पुढे सुधारली. काही तिथेच राहिली. आजही आवारात मुलं किल्ला करायला बसली की डीआरएम पट्टी घेऊन हजर. “हा मावळा बुरुजापेक्षा उंच आहे. हा वाघ एकास पंधरा, तोफ एकास चाळीस. आणि ही गाय दरवाजातून आत जाणार कशी?” मुलं मुकाट्याने ऐकतात. एका मुलीने मात्र विचारलं, “काका, तुमच्या स्टेशनवर तो पट्ट्या घेतलेला माणूस कुठे चाललाय?” डीआरएमनी त्या वर्षी किल्ल्याचं परीक्षण अर्धवट सोडलं.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खरेखुरे मोटरमन राहतात. त्यांना रेल्वे दाखवायची डीआरएमची फार दिवसांची इच्छा. मोटरमन टाळत होते; दिवसभर डोळ्यांसमोरून रूळ गेल्यावर संध्याकाळी पुन्हा रूळ कशाला, हा त्यांचा साधा विचार. एका रविवारी आले. डीआरएमनी त्यांना कंट्रोलरपाशी बसवलं. त्यांनी आधी सिग्नल बघितला. “हा उजवीकडे का?” सिग्नल जर्मन होता, तिकडे गाड्या उजवीकडून धावतात. डीआरएम खजील. मग मोटरमननी बटण फिरवलं, आणि नकळत हाताचा तळवा त्यावर दाबून धरला. लोकलच्या हँडलला तशी सोयच असते: हात सुटला की ब्रेक लागतो, चालवणाऱ्याला काही झालं तर गाडी आपली आपण थांबावी म्हणून. बोलता बोलता त्यांनी हात उचलला. गाडी थांबली नाही. भला माणूस ताडकन उभा राहिला, तोंडाला कोरड पडलेली. गाडी ‘तिसरा मजला’ थडथडत ओलांडून सुखरूप नायगावला गेली. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, “काका, एक सांगू? गाडी चालवणारा समोर बघतो. तुम्ही वरून बघताय. वरून बघणारे कंट्रोलमध्ये बसतात.” आणि पहाटेची ड्युटी आहे म्हणून उठले. हा शेरा होता की बढती, यावर डीआरएम अजून विचार करतात.

पुण्यात या पंथाचं क्षेत्र आहे. कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर, बी. एस. जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. १९९८ पासून लोक ते बघताहेत. दिवे मालवले की गावातले दिवे लागतात, सिग्नल बदलतात, गाड्या पुलांवरून एकमेकींना चुकवत जातात, सर्कशीचा तंबूसुद्धा आहे. भाचीच्या लग्नाला गेलेले डीआरएम सीमांतपूजनातून नाहीसे झाले ते तिथे सापडले. परत आले ते गप्पच. वहिनींनी विचारलं, “आवडलं नाही?”

“तिथे सगळं चालतं,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काही नाही. चालतंच.”

त्यानंतर महिनाभर त्यांनी एकही प्लॅन काढला नाही, आणि जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. इंग्लंडच्या ॲलन राइट नावाच्या गृहस्थांनी फार वर्षांपूर्वी एक लहानसं यार्ड करून ठेवलं आहे, इंगलनुक सायडिंग्ज. तीन फाटे. एकात पाच वाघिणी मावतात, दोनात तीन-तीन. वाघिणी आठ, इंजिन एक. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणी निवडायच्या आणि नेमक्या त्याच क्रमाने गाडी जुळवायची, बास. वळण नाही, लोकल नाही, प्लॅटफॉर्म नाही, माणूस नाही. आठांतून पाच, क्रमासकट: सहा हजार सातशे वीस गाड्या. लांबी टीव्हीच्या टेबलाएवढी.

डीआरएमनी ते बांधलं. नाव दिलं, भाईंदर मीठ सायडिंग. भाईंदरची मिठागरं आपल्याला रोज गाडीतून दिसत आली आहेत, त्यांच्याकडे बघताना मात्र आपण इमारती मोजतो. यांनी वाफे केले, बांध केले आणि वाफ्यांत पांढरे ढीग रचले, खऱ्या मिठाचे. उन्हाळाभर सायडिंग झकास चाललं. रोज दुपारी चिठ्ठ्या निघत, वाघिणी इकडच्या तिकडे होत, आणि वहिनींनाही नाद लागला. चाली कमीत कमी त्यांच्याच होतात. जूनच्या पहिल्या दमट आठवड्यात मिठाला पाणी सुटलं. वाफे भरले, सायडिंगला पूर आला, कुठेतरी शॉर्ट झालं आणि पाचव्या मजल्याचा फ्यूज गेला. डीआरएमचा चेहरा जरासुद्धा पडला नाही. “मिठागरं पावसाळ्यात बंदच असतात,” ते अंधारात म्हणाले.

आता दर रविवारी रूळ स्पिरिटने पुसायचे असतात, कारण खाडीची हवा खारी आणि रुळांवर काजळी धरते. त्या वेळेत कुणी आलं तर दारावर पाटी असते. मी एकदा तिला मेगाब्लॉक म्हणालो. त्यांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं. मेगाब्लॉक मध्य रेल्वेचा. पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक.

हल्ली इमारतीच्या पुनर्विकासाचं चाललं आहे. गेल्या सभेला बिल्डरचा तरुण प्रतिनिधी लॅपटॉप घेऊन आला होता. लोकांनी कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिने, पाणी किती तास, असे सगळे रीतसर प्रश्न विचारले. मग डीआरएम उठले. हातात लेजरचा कागद. म्हणाले, हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वच्छ चार मीटर दहा हवा, कोपऱ्यातला कॉलम अर्धा फूट बाहेर सरकवा, स्वयंपाकघराचं दार लांबक्या भिंतीत नको आणि लिफ्ट आठ बाय चारची शीट उभी मावेल अशी पाहिजे. सभेत चुळबुळ सुरू झाली. सेक्रेटरी म्हणाले, “डीआरएमसाहेब, लोकांना पार्किंगचं विचारायचं आहे.”

प्रतिनिधी मात्र मोठा नम्र मुलगा. त्याला कुणीतरी कानात विषय सांगितला असावा. तो हसत हसत म्हणाला, “अंकल, टेन्शन घेऊ नका. पोडियम गार्डनमध्ये आपण टॉय ट्रेन देतोच आहोत. पूर्ण राउंड मारते.”

सगळी सभा हसली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. कस्टम्सची पावती आठवून मीही खुर्ची थोडी मागे घेतली.

डीआरएमनी खिशातून पट्टी काढली. म्हणाले, “गेज किती?”